सासूबाईंचा मोतीबिंदू दाखवायला गेले आणि माझ्या डोळ्यात किडनी दिसली

२०२४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. सासूबाईंना दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसायला लागलं होतं, तांदूळ निवडताना खडे राहायला लागले म्हणून मीच मागे लागून त्यांना मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. वय ७१, शुगर नाही, बीपीची एक गोळी, बाकी तब्येत ठणठणीत. मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन करूया, पण त्याआधी डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याचं, म्हणजे रेटिनाचं, स्कॅनिंग करून घेऊ म्हणाले डॉक्टर. त्यांच्या डोळ्यात थेंब टाकून आम्ही बाहेर बसलो होतो तेव्हा मला वाटलं की आलोच आहोत तर माझाही नंबर तपासून घ्यावा, कारण गेले सात-आठ महिने मलाही काहीतरी बिनसल्यासारखं वाटत होतं.

काय बिनसलं होतं ते नीट सांगते, कारण मी स्वतः ते कितीतरी दिवस अंगावर काढलं. मी मिरजेत एका पतसंस्थेत कॅशला आहे आणि राहायला सांगलीत विश्रामबागला, रोज स्कूटरने जाऊनयेऊन. हिवाळ्यात सहा-साडेसहाला निघालं की अंधार, आणि समोरून गाडीचा लाईट डोळ्यावर आला की तो निघून गेल्यावरसुद्धा पुढचा रस्ता दिसायला वेळ लागायचा. आधी एक-दोन सेकंदात दिसायचं ते आता पाच-सहा सेकंद नुसतंच काळं. गणपतीच्या देवळात उन्हातून आत गेलं की खांबाला हात लावून थांबायचं. भावे नाट्यमंदिरात एकदा नाटक सुरू झाल्यावर पोचलो तर पायरीच दिसली नाही आणि मी पुढच्या बाईंच्या अंगावर गेले. दिवसा मात्र सगळं स्वच्छ, नोटांचे नंबरसुद्धा वाचता यायचे, म्हणून चाळिशी लागली असेल असं समजून सोडून दिलं.

माझं वय तेव्हा ४३. आणि किडनीचा आजार ११ वर्षांचा जुना. २०१२ ला मुलाच्या वेळी लघवीतून प्रोटीन जायला लागलं, बीपी वाढलं, सगळे म्हणाले बाळंतपणानंतर जाईल, पण ते गेलं नाही. २०१३ ला बायोप्सी केली, पालथं झोपवून सोनोग्राफीवर बघत बघत पाठीतून सुई घालतात ती, आणि रिपोर्ट आला आयजीए नेफ्रोपॅथी. म्हणजे आपल्याच रक्तातली एक अँटिबॉडी किडनीच्या गाळण्यांमध्ये जाऊन अडकते आणि तिथे सूज येत राहते, वर्षानुवर्षं, हळूहळू. दुखत काही नाही. टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी सुरू, दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कचरा किती बाहेर टाकते ते कळायची रक्ततपासणी. डोळ्यांकडे गेले तेव्हा ते १.६ होतं, त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनीची गाळायची ताकद, ४१, म्हणजे तिसऱ्या स्टेजचा दुसरा अर्धा भाग, ज्याला थ्री-बी म्हणतात.

तर फॉर्मवर मी फक्त बीपी आहे एवढंच लिहिलं. किडनीचं लिहिलंच नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात किडनीचं कशाला लिहायचं असं मला वाटलं हे अगदी खरं आहे. थेंब टाकायच्या आधी सिस्टरांनी विचारलं बीपी किती असतं, आणि मग दुसरी बाटली घेतली, म्हणाल्या नेहमीच्या थेंबात फिनाईलेफ्रिन असतं त्याने बीपी चढू शकतं, तुम्हाला साधं ट्रोपिकामाईड टाकते. (कोणाला बीपी असेल तर हे आपणहून सांगा, विचारायची वाट बघू नका.)

अर्ध्या तासाने डॉक्टरांनी डोक्यावरचा लाईट लावून, भिंग धरून वर बघा, खाली बघा, डावीकडे बघा असं सगळं केलं, मग परत उजवा डोळा, परत डावा. गप्प झाले. मग खुर्चीत बसून विचारलं, "ताई, तुम्हाला किडनीचा काही त्रास आहे का?"

माझ्या अंगावर काटाच आला. मी एक शब्द बोलले नव्हते.

त्यांनी कॉम्प्युटरवर पडद्याचा फोटो लावून दाखवला. केशरी गोल, त्यात झाडाच्या फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या. शुद्ध रक्ताच्या ज्या बारक्या नळ्या, त्या माझ्या फारच अरुंद झालेल्या, आणि जिथे त्या अशुद्ध रक्ताच्या शिरेवरून जातात तिथे शीर दाबल्यासारखी. डाव्या डोळ्यात एका जागी कापसाच्या बोळ्यासारखा पांढरट ठिपका, तेवढ्या जागेला रक्त कमी पडलंय त्याची ती खूण. आणि मधल्या भागाच्या आसपास पाच-सहा बारीक पिवळसर ठिपके, त्यांना ड्रुझन म्हणतात. हे ठिपके म्हणजे पडद्याखाली साचत गेलेला कचरा, साधारण साठीनंतर दिसायला लागतो, पण काही किडनीच्या आजारांत लवकर दिसतो असं ते म्हणाले. मग सासूबाईंचं पडद्याचं जे स्कॅनिंग होणार होतं, ज्याला ओसीटी म्हणतात, ते माझंही करायचं ठरलं.

ओसीटीला काही लागत नाही, सुई नाही, रंग नाही. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, आत एक हिरवी खूण दिसते तिच्याकडे बघत राहायचं, लाल रेघ सरकत जाते, झालं. सासूबाई आधी, मी नंतर. आणि दोघींचे रिपोर्ट डॉक्टरांच्या स्क्रीनवर योगायोगाने लागोपाठ उघडले.

पडद्याच्या मागे रक्तवाहिन्यांचा एक दाट थर असतो, कोरॉइड नाव त्याचं. डोळ्यात जेवढं रक्त येतं त्यातलं बरंचसं याच थरातून वाहतं आणि पडद्याचा बाहेरचा भाग, जिथे उजेड पकडणाऱ्या पेशी असतात, तो याच्यावरच जगतो. वय वाढतं तसा हा थर पातळ होत जातो, दर दहा वर्षांना साधारण १५ मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सासूबाईंचा कोरॉइड मध्यभागी २३२ मायक्रॉन. माझा २०४.

७१ वर्षांच्या बाईपेक्षा ४३ वर्षांच्या बाईचा पातळ.

मी विचारलं, म्हणजे माझा डोळा यांच्यापेक्षा म्हातारा झालाय का? डॉक्टरांनी घाई केली नाही, नीट समजावलं, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. म्हणाले, एका आकड्यावर जाऊ नका, हा थर माणसामाणसात खूप वेगवेगळा असतो, मायनस नंबरवाल्यांचा मुळातच पातळ असतो, अगदी सकाळ-संध्याकाळ मोजला तरी फरक पडतो. पण तुमचा नंबर जेमतेम सव्वा आहे, तेवढ्याने एवढा पातळ होत नाही, आणि त्याच्या जोडीला नळ्या अरुंद, कापसाचा ठिपका, ड्रुझन, हे सगळं एकत्र बघितलं तर तुमचा पडदा वयाच्या पुढे गेलाय असं म्हणावं लागेल. अंधारात जाताना उशिरा दिसतं तेही यातच बसतं, कारण उजेड पकडणाऱ्या पेशींना पुन्हा तयार व्हायला व्हिटॅमिन ए मागच्या थरातून मिळतं, तो रस्ता जाड आणि गचाळ झाला की पुरवठा मंदावतो.

मी विचारलं पण किडनीचा आणि डोळ्याचा संबंध काय, मला तर शुगर नाही. कारण इतकी वर्षं मी हेच ऐकलं होतं की शुगरवाल्यांनी डोळे तपासायचे. ११ वर्षं मी किडनीच्या ओपीडीत जात होते, क्रिएटिनिन बघितलं, पोटॅशियम बघितलं, पाय दाबून सूज बघितली, पण डोळ्याचा पडदा बघून या असं एकदाही कोणी म्हणालं नाही. त्या दवाखान्याचं नाव घेणार नाही, ती माणसं चांगली आहेत आणि समोर दीडशे पेशंट असतात हेही मला दिसतं. पण मला त्याचा राग आला होता आणि आजही थोडा आहे.

संबंध डोळ्यांच्या डॉक्टरांनी असा सांगितला. किडनीत लाखो गाळण्या असतात, प्रत्येक गाळणी म्हणजे अगदी बारीक, भोकं असलेल्या केशवाहिन्यांचा गुंता आणि त्याच्याभोवती एक पातळ पापुद्रा. कोरॉइडमध्येही तशाच भोकं असलेल्या केशवाहिन्या आणि त्यांच्यावर तसाच पापुद्रा. दोन्ही पापुद्र्यांत एकाच जातीचं कोलॅजन असतं, म्हणूनच अल्पोर्ट नावाच्या जन्मजात आजारात ते कोलॅजन बिघडलं की किडनी, कान आणि डोळा तिघांनाही त्रास होतो. मग किडनी कमी पडायला लागली की तिच्यामुळे रक्तात जे जे होतं, बीपी चढतं, बाहेर पडायचा कचरा रक्तातच फिरत राहतो, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, ते सगळं डोळ्याच्या बारक्या नळ्यांनाही सोसावं लागतं. वयाने जे हळूहळू होतं तेच इथे भराभर होतं. आणि डोळा ही एकच जागा आहे जिथे शरीर न कापता रक्तवाहिनी उघडी बघता येते.

घरी येताना रिक्षाने आलो, थेंबांमुळे दोघींनाही उन्हात डोळे उघडवत नव्हते. सासूबाईंनी रस्ताभर माझा हात धरून ठेवला होता, बोलल्या काही नाहीत.

रात्री मुलगा झोपल्यावर मी वाचायला बसले आणि वाचतच राहिले. भाचा पुण्यात कॉम्प्युटरचं शिकतो, त्याने सांगितलं की आता पडद्याच्या फोटोवरून वय ओळखणारे प्रोग्रॅम आलेत. ब्रिटनमध्ये यूके बायोबँक म्हणून लोकांच्या आरोग्याच्या माहितीचा मोठा साठा आहे, त्यातल्या जवळपास ४७ हजार लोकांच्या डोळ्यांच्या फोटोंवर हे काम झालं, २०२२ साली छापून आलंय. फोटोवरून वय सांगताना सरासरी साडेतीन वर्षांची चूक होते. पण ज्यांच्या पडद्याचं वय खऱ्या वयापेक्षा जास्त निघालं त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं, फरकाच्या दर एका वर्षामागे २ टक्क्यांनी. पुढे त्याच साठ्यावरून हाच फरक आणि किडनी निकामी होण्याचा धोका यांचाही संबंध दिसला. हे वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांना म्हणलं, माझ्या पडद्याचं वय किती ते काढून द्या. ते म्हणाले ही तपासणी अजून दवाखान्यात वापरायची नाही, हजारो लोकांची सरासरी सांगते ती, तुमचं एकटीचं भविष्य सांगत नाही, आणि साडेतीन वर्षांची चूक धरली तर मिळालेला आकडा घेऊन तुम्ही करणार काय. मला ते पटायला वेळ लागला पण पटलं.

दुसरं जे वाचलं ते मात्र मनात घर करून बसलं. स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या संशोधकांनी किडनीच्या पेशंटचे ओसीटी वर्षानुवर्षं केलेत. ज्यांची किडनी ट्रान्सप्लांट झाली त्यांचा कोरॉइड आठवड्याभरात जाड व्हायला लागला. आठवड्याभरात! म्हणजे हे सगळंच कायमचं नसतं, काही भाग परत येतो. आणि ज्यांनी किडनी दान केली, धडधाकट माणसं ती, त्यांचा वर्षभरात थोडा पातळ झाला. माझी आई २०१३ पासून म्हणतेय की वेळ आली तर माझी घे. तिला मी पहिला भाग सांगितला. दुसरा अजून सांगितलेला नाही. सांगायला पाहिजे, लपवणं बरोबर नाही, आणि त्यामुळे देणाऱ्याची दृष्टी जाते असंही नाही, पण तिच्या डोळ्याकडे बघून ते तोंडातून निघत नाही.

असो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती ती घेऊन किडनीच्या डॉक्टरांकडे गेले. चिठ्ठीत लिहिलेलं की पडद्यावर बीपीच्या खुणा आहेत, बीपी नीट बघावं. त्यांनी मोजलं तर १२६/८०. म्हणाले बीपी तर छान आहे. मी म्हणलं सर फोटो बघा. मोबाईलवर दाखवला. त्यांनी चष्मा काढून जवळ धरून बघितला आणि लगेच २४ तासांचं बीपी लिहून दिलं.

ते यंत्र म्हणजे दंडाला पट्टी आणि कमरेला डबी, दिवसा दर अर्ध्या तासाने आणि रात्री तासाने आपोआप फुगतं. कॅशला बसलेली असताना फुगलं की हात सरळ ठेवून गप्प थांबायचं, लोक रांगेत बघत राहायचे. रात्री तर प्रत्येक तासाला जाग. पण त्यानेच सगळा उलगडा झाला. दिवसाची सरासरी १३१/८४, रात्रीची १३६/८६. झोपेत बीपी १० ते २० टक्क्यांनी उतरायला पाहिजे, माझं उतरण्याऐवजी चढत होतं. किडनीला दिवसभरात मीठ बाहेर टाकणं जमत नाही म्हणून ती रात्री जास्त दाबाने काम करत बसते, असं त्यांनी सांगितलं. दवाखान्यात सकाळी ११ ला मोजून हे कधीच दिसलं नसतं. डोळ्याने आधी दाखवलं.

मग औषधं बदलली. टेल्मिसार्टन ४० चं ८० झालं, मीठ-पाणी लघवीवाटे काढणारं क्लोरथॅलिडोन थोड्या डोसमध्ये आलं, आणि लघवीतलं प्रोटीन कमी व्हायला डापाग्लिफ्लोझिन. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.६ चं १.८ झालं तेव्हा मी घाबरून फोन केला, ते म्हणाले या गोळ्यांनी सुरुवातीला थोडं चढतंच, ३० टक्क्यांपर्यंत आम्ही धरून चालतो, बंद करू नका. (माझ्या गोळ्या वाचून कोणी आपल्या बदलू नका, प्रत्येकाचं पोटॅशियम, सोडियम वेगळं असतं.) मीठ खरंच कमी केलं. पापड, लोणचं, फरसाण, चटणी बंद. सुरुवातीला जेवण घशाखाली उतरायचं नाही, मग लिंबू, ओलं खोबरं, लसूण यावर भागवलं. सासूबाईंनी स्वतःचंही मीठ कमी केलं, एकाच भांड्यात भाजी व्हावी म्हणून.

याच काळात माझ्या हातून दोन चुका झाल्या त्या सांगते, कारण त्या कोणाकडूनही होतील. डोळ्याचं कळल्यावर शेजारच्या वहिनींनी गाजराचा रस सांगितला, रोज सकाळी मोठा ग्लास. मी तीन आठवडे घेतला. रक्तातलं पोटॅशियम ४.८ होतं ते ५.६ वर, म्हणजे नको तेवढं वर गेलं. टेल्मिसार्टननेही पोटॅशियम वाढतं आणि त्यात गाजराचा रस म्हणजे पोटॅशियमचं पाणीच. रस बंद केला आणि डायटिशियनने भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यायला शिकवलं तेव्हा खाली आलं. दुसरी चूक, मेडिकलवाल्याने डोळ्याच्या पडद्याच्या म्हणून कॅप्सूल दिल्या, त्यात व्हिटॅमिन ए. किडनीच्या पेशंटच्या रक्तात व्हिटॅमिन ए आधीच साठलेलं असतं, ते बाहेर पडत नाही, वरून घेतलं तर त्रास होतो. किडनीच्या डॉक्टरांनी डबी हातात घेऊन मागचं लेबल वाचलं आणि डबी परत दिलीच नाही. रातांधळेपणा म्हणजे व्हिटॅमिन ए कमी, हे शाळेत शिकलेलं डोक्यात पक्कं बसलेलं असतं, पण माझ्याकडे कमी नव्हतंच, ते पेशीपर्यंत पोचत नव्हतं.

शिरेतून डाय, म्हणजे रंग, घालून डोळ्याच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी करायची का हेही विचारलं होतं मी. रेटिनाचे डॉक्टर म्हणाले आत्ता गरज नाही, ओसीटीने भागतंय, वेळ आली तर करू, तो डाय लघवीवाटे जातो म्हणून किडनीच्या डॉक्टरांना कळवून करू.

सहा आठवड्यांनी दाखवलं तेव्हा कापसाचा ठिपका फिका झाला होता, चार महिन्यांनी गेला. २०२५ च्या मार्चमध्ये परत ओसीटी केलं. २११ मायक्रॉन. मी त्या सात मायक्रॉनवर इतकी खूश झाले की डॉक्टरांना मला थांबवावं लागलं, म्हणाले एवढा फरक मोजण्यातच येतो, वाढला म्हणू नका, घटला नाही म्हणा. ड्रुझन आहेत तेवढेच आहेत. अरुंद नळ्या अरुंदच राहणार. लघवीतलं प्रोटीन निम्म्यावर आलंय, ईजीएफआर ३८ वर टिकून आहे, रात्रीचं बीपी ११८ पर्यंत उतरतं. अंधारातलं दिसणं सुधारलं का? थोडं. गाडीच्या लाईटनंतरचा तो काळा क्षण आहे अजून, पण हिवाळ्यात मी आता स्कूटर नेत नाही, बसने येते.

सासूबाईंचे दोन्ही डोळे झाले, त्यांना आता सुईत दोरा ओवता येतो. नाटकाला गेलो की माझा दंड धरून खुर्चीपर्यंत त्या नेतात.

पडद्याचा रंगीत फोटो आणि ओसीटीचं पान मी किडनीच्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावलंय. मागच्या महिन्यात ओपीडीत बाकावर शेजारी एक २६-२७ वर्षांचा मुलगा होता, त्यालाही आयजीए, त्यालाही शुगर नाही, त्याने विचारलं हा फोटो कसला. मी त्याला सांगितलं आणि विचारलं की तुझा पडदा कधी बघितलाय का. नाही म्हणाला. आत गेल्यावर डॉक्टरांना विचार म्हणलं, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात चिठ्ठी होती.

माझं पुढचं स्कॅन मार्चमध्ये आहे. सकाळी दहाचीच वेळ मागून घेतलीये, आधीची दोन्ही दहाला झाली होती, नाहीतर आकडे एकमेकांशी लावता येणार नाहीत.